वेळेच्या आधी

"हे चूक आहे," घड्याळजी म्हणाले.

नवरा गेल्यानंतर काकू त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर बसल्या होत्या. कामावर म्हणजे घरातच, खिडकीजवळच्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं होती, एकेक चौकोन एकेका देशातला. नव्या मॅनेजरबाईंचे सगळ्यांच्या वतीने दोन शब्द बोलून झाले होते. बेटकर तर चष्मा काढून ढसाढसा रडले होते. कुणी छातीशी हात धरला, कुणी म्हणालं, आम्ही आहोत ना. काकू ओठ दाताखाली धरून मान हलवत होत्या. मग घड्याळजींची पाळी आली. त्यांनी चष्म्यावरून एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे, आणि तेवढंच म्हणाले.

"तुम्ही सकाळी पाठवलेला डोंगरावरच्या हॉस्पिटलचा पत्ता चूक आहे. हॉस्पिटल मागेच हललं. पंप जुन्या जागी जाईल आणि परत येईल."

"दुरुस्त करते," काकू म्हणाल्या. चूक होतीच, नाही कशी म्हणणार? मीटिंग संपली तसा त्यांनी लॅपटॉप असा काही मिटला की स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली नणंद उठून बाहेर आली.

"कोण हो वहिनी तो? सगळ्यात शेवटी बोलला तो?"

"घड्याळजी."

"ते हेच होय! काय म्हणाले?"

"पत्ता चुकलाय म्हणाले."

"आणि?"

"आणि काही नाही."

नणंदेने कपाळावर हात मारला. भाऊ गेल्यापासून ती इथेच होती आणि तिचं रडणं आणि चिडणं एकाच नळातून यायचं. "माणूस आहे का दगड! माझा भाऊ गेला आणि याला पत्त्याची पडलीय! अहो, 'वाईट झालं' एवढं म्हणायला काय दातखीळ बसली होती? कुठला तो? थंडीतला ना? मग बरोबर. काळीजच गोठलंय मेल्याचं."

एरवी काकूंनी तिला थांबवलं असतं. "तसं नाही हो वन्सं, त्यांच्याकडची रीत निराळी," असं काहीतरी समजुतीचं बोलल्या असत्या. त्या दिवशी बोलल्या नाहीत. मनात म्हणाल्या, दगडच आहे.

आता काकूंचं काम काय ते सांगायला हवं, म्हणजे त्यांचं गप्प राहणं किती नवलाचं होतं ते कळेल. काकूंची कंपनी हॉस्पिटलांतली मशिनं दुरुस्त करायची. मशीन बंद पडायचं एका देशात, त्याचा सुटा भाग असायचा दुसऱ्याच देशात, आणि तो बसवणारा माणूस तिसरीकडे. या तिघांची गाठ घालून देणं हे काकूंचं काम. कामाची भाषा एकच होती आणि ती सगळ्यांनाच सारखी परकी, त्यामुळे व्याकरणाची भीती कुणालाच नव्हती. अडायचं ते माणसांपाशी.

म्हणजे कसं, की बेटकर. हे नाव काकांनी ठेवलेलं; दूरच्या एका बेटावरचा गोदामप्रमुख म्हणून बेटकर. हा माणूस कशालाच नाही म्हणायचा नाही. "उद्या निघेल का?" "हो हो, नक्की!" उद्या उजाडायचा, मावळायचा, पेटी जागची हलायची नाही. आणि घड्याळजी, हेही नाव काकांचंच, पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलेलं. उत्तरेकडच्या गारठ्यातले हे तपासनीस. घड्याळावर चालणारे, आणि बोलायला लागले की तोफ. "तुम्ही हो म्हणालात. माल निघाला नाही. म्हणजे तुम्ही खोटं बोललात," असं त्यांनी एकदा भर मीटिंगमध्ये बेटकरांना सुनावलं. बेटकर त्यावर गोड हसले आणि पुढे कितीतरी दिवस कुणाचा फोन उचलेनात.

तेव्हा मध्ये पडल्या त्या काकू. घड्याळजींना म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे आल्या माणसाच्या नाकावर दार आपटणं. त्यांना 'होईल का' असं विचारूच नका. 'कशाकशाने अडलंय' असं विचारा. मग सांगतील सगळं." आणि बेटकरांना म्हणाल्या, "घड्याळजी 'चूक आहे' म्हणाले तर घाबरू नका हो. तुमचं काम त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची पर्वा नाही त्याला ते काहीसुद्धा म्हणत नाहीत." दोघांची गाडी रुळावर आली. पुढे कंपनीने नव्या लोकांना हे असलं शिकवायचं कामच काकूंकडे दिलं. कोण कसा बोलतो, कोण कुठे गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचा कुठे काय अर्थ घ्यायचा.

"सासू आणि सून दोघींना एका घरात नांदवलेली बाई आहे ही," काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिला देश काय जड आहेत?"

काका नोकरीतून मोकळे झाल्यापासून घरीच असायचे. दुपारच्या मीटिंगला काकू बसल्या की चहा आणून द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं. पण कॅमेऱ्यात यायला नव्या नवरीसारखे लाजायचे. भिंतीला पाठ लावून चोरासारखे सरकत यायचे आणि नुसता हात लांब करून कप टेबलावर ठेवायचे. पडद्यावर दिसायचा तो तेवढा हात, राखाडी स्वेटरची उसवलेली बाही आणि कप. "हात आला, हात आला!" असा तिकडे गलका व्हायचा. बेटकर त्या हाताला टाटा करायचे. घड्याळजींनी फक्त एकदा विचारलं होतं, "हा हात रोज याच वेळी येतो?"

"रोज."

"चांगलं आहे."

यावर काका असे खूश झाले, की विचारू नका. "घड्याळजींनी पास केलं मला," असं दिवसभर घरात म्हणत हिंडले.

मीटिंगला वेळेच्या आधी येणारी माणसं दोनच, घड्याळजी आणि काकू. घड्याळजी स्वभावाने, आणि काकू धास्तीने, की आयत्या वेळी हे यंत्र चालू झालं नाही तर? त्यामुळे वर्षानुवर्षं ती दोघं रोज थोडा वेळ एकमेकांसमोर बसून असायची. इकडे टळटळीत दुपार, तिकडे पहाट, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. काकूंची टकळी चालू असायची आणि घड्याळजी "हो", "नाही", "बरं" एवढ्यावर भागवायचे. एकदाच काय ते आपणहून बोलले. म्हणाले, "माझा भाऊ वारला. शेजारी आला होता. स्वयंपाकघरात बसला. बोलला नाही. मग गेला. बरं वाटलं."

काकूंना भडभडून आलं होतं. मीटिंग झाल्यावर काकांना म्हणाल्या, "बिचारे! शेजारी आला आणि म्हणे एक शब्द बोलला नाही. कसली मेली माणसं!"

काका भाजी चिरत होते. म्हणाले, "अगं, बोलून तरी काय होणार होतं?"

हे सगळं काकू पार विसरून गेल्या होत्या. दुःखात माणसाला आपलंच तेवढं दिसतं, त्याला इलाज नाही. काका गेल्यावर त्यांच्याकडे देशोदेशींचे निरोप आले. बेटकर आणि त्यांच्या बायकोने फोनवर गाऊन प्रार्थना म्हटली. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशांनी लांबलचक लिहिलं. काकू रोज फोन उघडून बघायच्या आणि घड्याळजींचं काही नसायचं. इतकी वर्षं समोरासमोर बसलेलं माणूस! एखाद्या परक्याने विचारलं नसतं, तर त्यांना एवढं लागलं नसतं.

म्हणून कामावर परतल्या त्या दिवशी त्या मुद्दाम अगदी वेळेवर आल्या, सगळे जमल्यावर, सगळ्यांत शेवटी. आधी येऊन त्या माणसासमोर बसायची त्यांना हिंमत नव्हती.

मीटिंगनंतर तासाभराने मॅनेजरबाईंचा फोन आला. वयाने काकूंच्या मुलीएवढ्या, हुशार आणि बोलायला लाघवी. आधी जेवण, झोप, सगळी चौकशी केली आणि मग हळूच मुद्द्यावर आल्या.

"एक विचारायचं होतं. दोन टीम एकत्र होणार आहेत. तपासनीस एकच ठेवायचाय. काम घड्याळजींचं उत्तम आहे, पण माणसं त्यांना बिचकतात. तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त काम केलंय आणि माणसं कळण्यात तुमचा हात कोण धरणार? मला खरं सांगा. माणूस म्हणून कसे आहेत?"

"नाही ठेवलं तर काय होईल त्यांचं?"

"या वयात दुसरीकडे कुणी घेणं अवघडच आहे. एकटे असतात, हे काम म्हणजेच त्यांचं सगळं, हे मला कळतं. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. उद्याच्या मीटिंगनंतर मी वर कळवणार आहे."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर अजून तसाच होता. नणंद उचलायला गेली तर त्यांनी उचलू दिला नव्हता.

"दगड आहे तो माणूस," काकू म्हणाल्या. "कामाला चालेल. माणूस म्हणून काही उपयोग नाही."

मग मॅनेजरबाई म्हणाल्या, "बरं. कळलं."

बोलून बसल्या खऱ्या, पण त्या संध्याकाळी काकूंना जेवण गेलं नाही. नणंद म्हणाली, "बरं केलंत. जशास तसं." काकूंनी ताट सारलं आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटकरांचा फोन आला. डोंगरावरच्या हॉस्पिटलचा पंप नव्या पत्त्यावर रवाना झाला होता. जुन्या पत्त्यावर गेला असता तर आठवडाभर तिकडे ऑपरेशनं अडली असती, तेव्हा आभार घड्याळजींचे, असंही बेटकर म्हणाले. काकू नुसत्या "हं" म्हणाल्या.

"काकू," बेटकर म्हणाले. त्या टीममध्ये सगळेच त्यांना काकू म्हणायचे, आपापल्या वळणाने. "रागावणार नसाल तर एक गंमत सांगू? घड्याळजींचं डोकं जरा फिरलंय असं वाटतं मला."

"का हो?"

"तुम्ही रजेवर होता ना, तेव्हा आमची मीटिंग संध्याकाळच्या वेळेला नेली होती. दुपारची बंद. तर मी एकदा चुकून पडद्यावरची दुपारचीच जुनी खोली उघडली, तुमची. बघतो तर घड्याळजी! कॅमेरा चालू, कोट घालून, केस विंचरून एकटे बसलेले. खोलीत दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, मीटिंग आहे का? तर म्हणे, नाही. मग काय करताय? तर म्हणे, काकूंची यायची वेळ आहे. मी म्हटलं, अहो, त्या रजेवर आहेत, त्या कशाला येतील? तर म्हणे, समजा आल्या, आणि कुणी नसलं तर?"

काकूंनी टेबलाची कड धरली.

"मला हसू आलं हो," बेटकर सांगत होते. "दुसऱ्या दिवशी मुद्दाम डोकावलो, तर पुन्हा बसलेले. नंतरही एकदा पाहिलं. तिकडे पहाट असणार, काळोख नुसता. रोज बसत असणार, नाही का?"

काकूंनी फोन ठेवला तो कसा ठेवला ते त्यांनाच ठाऊक. शेजारी आला होता, स्वयंपाकघरात बसला, मग गेला, बरं वाटलं. ज्या माणसाने स्वतःच्या तोंडाने त्यांना आपली रीत सांगितली होती, तो ती रीत रोज पाळत होता, आणि त्या मेसेज आला का म्हणून फोन उघडून बघत होत्या. साऱ्या जगाला शिकवलं, कुणाच्या गप्प बसण्याचा काय अर्थ घ्यायचा ते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या खुर्चीत बसल्या आणि स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून म्हणाल्या, "अहो, मी काय करून बसले!"

नणंद धावत आली. सगळं ऐकल्यावर तिच्याही तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळाने म्हणाली, "वहिनी, मी पण बोलले हो त्यांना. मेला म्हणाले."

"तुम्ही घरात बोललात, वन्सं. मी वर बोलले."

दुपारी काकू वेळेच्या आधी बसल्या, पूर्वीसारख्या. खोली उघडली. घड्याळजी होते. कोट, इस्त्रीचा शर्ट, मागे काळी खिडकी. त्यांनी मान लववली. काकूंनीही लववली.

बऱ्याच वेळाने घड्याळजी म्हणाले, "पत्ता आता बरोबर आहे."

"हो." काकू म्हणाल्या. "मी नव्हते तेव्हा तुम्ही रोज येऊन बसत होतात?"

"हो."

"कशासाठी?"

"तुमची यायची वेळ होती."

"अहो, मग मला कळवायचं तरी!"

घड्याळजींनी विचार केला. ते प्रत्येक प्रश्नाचा खरोखरच विचार करायचे. "कळवलं असतं तर तुम्हाला यावं लागलं असतं," ते म्हणाले.

घड्याळजीच पुढे म्हणाले, "काल तुम्ही शेवटी आलात. मला वाटलं, तुम्हाला कुणी समोर नको असेल. म्हणून मी कामाचंच बोललो."

मग दोघंही बसून राहिली. काकूंनी त्या दिवशी टकळी लावली नाही. हवा, भाज्या, मुलीचा फोन, काही नाही. गप्प बसण्यात एवढं टेकायला मिळतं हे त्यांना माहीत नव्हतं. तिकडे काळ्या खिडकीत हळूहळू उजेड येत होता.

एकेक करून सगळे आले. बेटकर आले, हात हलवला. मॅनेजरबाई आल्या आणि म्हणाल्या, "सुरू करू या?"

"त्याच्या आधी मला बोलायचंय," काकू म्हणाल्या. जन्मभर त्यांनी प्रत्येक वाकडी गोष्ट कापसात गुंडाळून सांगितली होती. चारचौघांत स्वतःचं चुकलं म्हणायचं, तेही असं उघडंवाघडं, ही त्यांची रीतच नव्हती. "मी काल मॅनेजरबाईंना घड्याळजींबद्दल जे सांगितलं, ते चूक आहे."

मॅनेजरबाई गडबडल्या. "काकू, आपण नंतर दोघीच—"

"नंतर नाही. मागे बोलले होते, आता समोर बोलते. मी म्हटलं, हा माणूस दगड आहे. माणूस म्हणून उपयोगाचा नाही. ते चूक आहे. माझं घर रिकामं झालं तेव्हा हे रोज येऊन बसत होते आणि मला ओळखता आलं नाही. तुम्हाला माणसं कळणारं कुणी हवं असेल तर त्यांना विचारा, मला नको."

बेटकरांनी तोंडावर हात ठेवला. सगळ्यांची नजर घड्याळजींच्या चौकोनावर. घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पूर्ण चूक नाही," ते म्हणाले. "थोडं बरोबर आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. काकूही हसायला गेल्या, आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. काका गेल्यापासून त्या लोकांसमोर रडल्या नव्हत्या. आता रडल्या त्या अशा, की कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही. मॅनेजरबाईंचा आवाज कुठूनतरी आला, "काकू, मी अजून काही कळवलेलं नाही. आता त्यांचंच नाव कळवते." काकूंनी नुसती मान हलवली. समोर आजच्या कामांची पहिली ओळ होती, ती त्यांना वाचायची होती. अक्षरं दिसत नव्हती. मीटिंगची वेळ चालली होती.

"पहिलं काम मी वाचू का?" मॅनेजरबाईंनी हळूच विचारलं. "आपल्याला उशीर होतोय."

"थांबू या," घड्याळजी म्हणाले.

आजवर एका मिनिटाचाही उशीर कुणाला माफ न केलेला तो माणूस. त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

तेवढ्यात काकूंच्या चौकोनात कडेने एक हात आला. नणंद भिंतीला पाठ लावून, भावासारखीच सरकत आली होती. तिने कप ठेवला आणि हात मागे घेतला. पडद्यावर कुणी गलका केला नाही. बेटकरांनी टाटा करायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

काकूंनी डोळे पुसले, कप दोन्ही हातांत धरला. चहात साखर जरा जास्तच पडली होती. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि तोवर त्या सगळ्या देशांतलं एक माणूसही बोललं नाही.